मालिका निवडताना पेपरातल्या समीक्षकाचं कितपत ऐकावं?

माझी भाची पर्वरीला राहते. ती आणि जावई दोघंही पणजीत नोकरीला. घरी पोचून, जेवणं आटोपून टीव्हीसमोर बसेपर्यंत नऊ वाजतात. मग हाती उरतो एक तास, फार तर सव्वा. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "मामा, वर्षभरासाठी एकाच ॲपचे पैसे भरायचे ठरवलंय. पण पुरवणीत जिला साडेचार तारे होते ती मालिका बघताना तिसऱ्या भागात आम्ही दोघंही झोपलो. आणि ज्या कॉमेडीला धुऊन काढलं होतं, ती सासूबाई रोज पोट धरधरून बघतात. ऐकायचं तरी कोणाचं?"

मी टीव्हीचा जाणकार नाही. पण फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात नाट्यस्पर्धेची नाटकं बघायची आणि नंतर पेपरात त्यांचं परीक्षण वाचून स्वतःशीच भांडायचं, ही माझी जुनी खोड. त्या जोरावर तिला जे सांगितलं ते फोनवर फारच विस्कटलं, म्हणून इथे सलग लिहितो. थोडक्यात उत्तर असं: गंभीर मालिकेबद्दल समीक्षकाचा निकाल मानावा, पण तो किती भाग बघून दिलाय ते आधी पाहावं. विनोदी मालिकेत निकाल बाजूला ठेवावा आणि तो तसा का दिला, तेवढंच वाचावं.

आधी एक चाळण लावावी लागते. पुरवणीत मालिकेबद्दल जे छापून येतं, त्यातला बराचसा मजकूर परीक्षण नसतोच. ते वाहिनीकडून आलेलं प्रसिद्धीपत्रक असतं. ओळखायला सोपं आहे. फोटो चकचकीत असतो, नायिका "ही भूमिका माझ्यासाठी आव्हानात्मक आहे" म्हणते, कथानक "रंजक वळणावर" असतं आणि शेवटच्या ओळीत वार व वेळ दिलेली असते. कुठेही एक वाक्य उणं नसेल तर ते खुशाल भाजीच्या देठांखाली अंथरावं.

आता खरी परीक्षणं. गंभीर मालिकांत दोन जाती आहेत आणि सगळा घोळ त्या एकाच तागडीत तोलल्याने होतो. एक, आठ-दहा भागांत संपणारी, ॲपवर एकदम येणारी मालिका. हिचे बरेचसे, कधी सगळेच भाग समीक्षकाला आधी बघायला मिळतात. गोष्ट लिहून, चित्रित होऊन संपलेली असते. अशा मालिकेचं परीक्षण नाटकाच्या परीक्षणासारखंच विश्वासाचं. किंबहुना इथे समीक्षक लोकांच्या पुढे असतो. अमेरिकेतल्या 'द वायर'चं उदाहरण घ्या. २००२ ते २००८, पाच पर्वं, साठ भाग. प्रेक्षक थोडे, एमी पुरस्कार एकही नाही. तिथले समीक्षक मात्र बघा बघा म्हणत राहिले आणि आज टीव्हीवरच्या उत्तम मालिकांची यादी तिच्याशिवाय पुरी होत नाही. अशा मालिकेत काय नेमकं आहे ते ओळखायला सावकाश बघणारा, चार गोष्टींशी ताडून बघणारा माणूस लागतो, आणि समीक्षकाला त्याचाच पगार मिळतो.

दुसरी जात रोजच्या मालिकेची. इथे बिचारा समीक्षक पहिला आठवडा बघून लिहितो. म्हणजे मुलीकडच्यांनी पोहे खाऊन स्थळाबद्दल मत द्यावं, तसं. 'आई कुठे काय करते' २०१९च्या डिसेंबरात सुरू झाली आणि जवळजवळ पाच वर्षं चालली. 'चार दिवस सासूचे'चे तर तीन हजारांवर भाग झाले. पहिल्या सहा भागांवरून तीन हजारांचा अंदाज कोण देणार? दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, ते खाली गेले की ट्रॅक बदलतो, मेलेला माणूस परत येतो, नायिकेची स्मृती जाते. सोलकढी पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे वाढवत न्यावी, तसं पाणी पडत जातं. पहिल्या वाटीची चव सांगणाऱ्याचा त्यात काय दोष?

आपल्याकडेच एक नमुना झाला. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात कोरोनामुळे चित्रीकरण थांबलं आणि कितीतरी मराठी-हिंदी मालिका गोव्यात आल्या. मुंबईतले वाडे नि दिवाणखाने मागे राहिले आणि कुटुंबंच्या कुटुंबं काहीतरी निमित्त काढून रिसॉर्टवर राहायला लागली. मे महिन्यात इथल्याही परवानग्या काढून घेतल्या आणि मंडळी पुन्हा हलली. मार्चमध्ये लिहिलेलं परीक्षण मे महिन्यात त्या मालिकेला लागू होतं का? म्हणून रोजच्या मालिकेच्या परीक्षणाखालची तारीख औषधाच्या बाटलीवरच्या तारखेसारखी वाचावी. तीन महिने उलटले असतील तर समीक्षकापेक्षा शेजारच्या काकी अधिक अद्ययावत.

विनोदी मालिकांकडे वळलं की पारडं फिरतं. इथे समीक्षकांचे इतके निकाल उलटले आहेत की आश्चर्य वाटावं. 'फॉल्टी टॉवर्स' १९७५ साली बीबीसीवर आली तेव्हा लंडनच्या 'डेली मिरर'चा मथळा होता तो लांबोडक्या जॉनचे (म्हणजे तिचा लेखक-नट जॉन क्लीज याचे) विनोद आखूड पडले, अशा अर्थाचा. त्याआधी बीबीसीच्याच एका माणसाने संहिता वाचून ठोकळेबाज पात्रांचा गठ्ठा म्हणून नाक मुरडलं होतं. एकूण भाग फक्त बारा. २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने टीव्हीवरचे शंभर उत्तम ब्रिटिश कार्यक्रम निवडले, त्यात ती पहिली. अमेरिकन 'द ऑफिस'चे २००५ मधले पहिले सहा भाग बघून कित्येकांनी मूळ ब्रिटिश मालिकेची फिकी नक्कल म्हटलं, आणि पुढे तिनेच जगभर घरं केली.

टीआरपीनेही काही मोठे दिवे लावलेले नाहीत. 'साराभाई वर्सेस साराभाई' २००४ ते २००६ या काळात आकड्यांत मागेच राहिली, आणि आज तिचे संवाद पाठ असणारी पिढी आहे. मात्र २०१७ मध्ये तीच मंडळी पुन्हा एकत्र आली तेव्हा पूर्वीची मजा काही जमली नाही.

असं का होतं? मला दिसतं ते असं. विनोद पात्रांची सवय झाल्यावर रंगतो. काकांना चहात साखर कमी पडली की ते काय म्हणणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून ते म्हणाले की हसू येतं. समीक्षक पहिल्या भेटीतच मत देतो. शिवाय तो एकटा बसून, लॅपटॉपवर, उद्याच्या अंकाची घाई डोक्यावर घेऊन बघतो. भाचीच्या सासूबाई चार माणसांत बघतात. हसणं जांभईसारखं पसरतं, एकट्याला ते येईलच असं नाही.

मग विनोदी मालिकेचं परीक्षण वाचायचंच कशाला? तर कोणाला हसवलं यापेक्षा कोणावर हसवलं, हे समीक्षक नीट सांगतो म्हणून. स्थूल बाई, गावंढळ नोकर, अडखळत बोलणारा माणूस, बायकोला घाबरणारा नवरा यांतलं काय कितीदा वापरलंय ते तो मोजतो. तुम्हाला ज्या विनोदाचा तिटकारा असेल तो त्या यादीत असला की निवड झालीच.

मराठी स्किटांच्या कार्यक्रमांबद्दल एक तक्रार हमखास असते: पुरुषाने साडी नेसली की हशा पिकवायचा. तक्रार रास्त आहे. पण आमच्याकडचा प्रेक्षक ती वेगळ्या बाजूने बघतो. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत दशावतार बघत वाढलेल्यांना साडीतला पुरुष नवा नाही. रात्री दोन वाजता देवळापुढच्या मांडावर द्रौपदी होणारा नट पुरुषच असतो, आणि म्हाताऱ्या बाया पदराने डोळे टिपतात. कोणी फिस्सदेखील करत नाही. तेव्हा साडी हा विनोदही नाही आणि गुन्हाही नाही, नट कच्चा असला की तो साडीच्या आड लपतो एवढंच. हे असं लिहिणारा समीक्षक मला क्वचित भेटला. भेटला तर त्याचं पुढचं परीक्षण शोधून वाचावं.

यातूनच मुंबई-पुण्याचा समीक्षक की इथला, हा प्रश्न येतो. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये आली. वाडा सिंधुदुर्गातल्या आकेरीचा, बोली मालवणी. बाहेरच्यांच्या कानाला ती गोड लागली. कोकणात मात्र भुताखेतांच्या गोष्टींनी आमची बदनामी होते म्हणून विरोध झाला, आणि विरोध करणारेही रात्री बघतच होते, हा भाग वेगळा. पण कुठलं पात्र खरं मालवणी बोलतंय आणि कोण शेवटी 'गो' लावून वेळ मारून नेतंय, हे बांद्याच्या अलीकडे-पलीकडे वाढलेल्यालाच कळतं. तिथे मुंबईच्या समीक्षकाचे तारे उपयोगाचे नाहीत.

आकड्यांनीही ती उणीव भरून निघत नाही. मराठीसाठी टीआरपी मोजतात ती महाराष्ट्र आणि गोवा एकत्र धरून. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख, गोवा साडेचौदा लाख. शंभर माणसांत आपण जेमतेम सव्वा! आपलं हसणं-रडणं त्या आकड्यात ऐकू येण्याची शक्यता नाही.

इथल्या समीक्षकाला कान आहे, पण त्याची वेगळी अडचण. गोवा लहान. ज्याच्या नाटकाचं परीक्षण लिहायचं तो दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर शेजारीच उभा असतो, आणि चवथीला त्याच्याच घरी आरतीला जायचं असतं. म्हणून वाक्यं मऊ येतात. "प्रयत्न स्तुत्य" म्हणजे नाटक पडलं. "नेपथ्य लक्षवेधी" म्हणजे बाकी काही लक्षात राहिलं नाही. ही भाषा एकदा उलगडली की त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. दुर्दैव इतकंच, की तो नाटकांवर भरभरून लिहितो आणि मालिकांना हात लावत नाही.

तर भाचीला सांगितलं ते असं. ॲपचे पैसे भरायचेच असतील तर ते संपणाऱ्या गंभीर मालिकांसाठी भर. त्यांची दोन वेगवेगळ्या पेपरांतली परीक्षणं वाच, दोघांनी एकाच गोष्टीचं कौतुक केलं असेल तर डोळे मिटून लाव. एकाने डोक्यावर घेतलंय आणि दुसऱ्याने आपटलंय अशीही बघायला हरकत नाही, झोप तरी येणार नाही. साडेचार तारे देऊन खाली चारच ओळी लिहिणाऱ्याला सोडून दे. रोजच्या मालिकेसाठी पैसे मोजून घरात नवी भर घालू नको, ती केबलवर आहेच आणि महिनाभर चुकली तरी काही बिघडत नाही. विनोदीबद्दल परीक्षणातली फक्त "कोणावर" वाली ओळ वाच आणि मधलाच कुठला तरी भाग लाव, पहिला नको. तोही दोघांनी मिळून बघ, आणि शक्य असेल तर सासूबाईंसोबत.

परवा तिचा पुन्हा फोन आला. आठ भागांची एक खुनाची मालिका तिघांनी मिळून संपवली. दोन्ही पेपरांनी वाखाणली होती, आवडलीही. फक्त खुनी कोण ते सासूबाईंनी दुसऱ्याच भागात ओळखलं आणि उरलेले सहा भाग "मी सांगितलं नव्हतं?" म्हणत काढले. हे मात्र एकाही परीक्षणात नव्हतं, अशी तिची तक्रार आहे.