कंडेन्सर की डायनॅमिक? घरच्या पॉडकास्टसाठी माइक निवडताना

आवाजाचं काम घरूनच करायचं ठरवलं की बराच शोध घेऊन शेवटी दोन पर्याय उरतात. एक म्हणजे ब्लू येतीसारखा यूएसबी कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक. दुसरा सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स यांसारखा डायनॅमिक, ज्याला यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओच्या माइकची तीन पिनांची जोडणी) दोन्ही असतं. किमती सेलप्रमाणे खालीवर होत राहतात, त्यामुळे निवड खरं तर खोलीकडे बघून करावी.

नुसता आवाज ऐकायचा तर कंडेन्सर सरस, यात वाद नको. ‘स’ आणि ‘श’ यांची धार, वाक्याच्या शेवटी विरत जाणारा स्वर, हे सगळं त्यात स्वच्छ उतरतं. डायनॅमिक थोडा जाडसर वाटतो, वरची चमक कमी. गादी, पुस्तकं, जाड पडदे असलेली बंद खोली तुमच्याकडे असेल आणि तासभर पंखा बंद ठेवणं जमत असेल, तर कंडेन्सर खुशाल घ्या.

माझं माप डायनॅमिककडे झुकलं ते त्या पंख्यामुळेच. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मेमध्ये दार-खिडकी लावून, पंखा बंद करून चाळीस मिनिटं वाचायचं म्हणजे विसाव्या मिनिटाला आवाज थकतो आणि संपादनात तो थकवा लपत नाही. पंखा चालू ठेवला तर पात्यांची घरघर ८० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याखालचे जाड स्वर कापणाऱ्या) बरीच जाते, पण हवेचा सूं-सूं आवाज बोलण्याच्याच पट्ट्यात मिसळलेला असतो. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये नॉइज रिडक्शन जोरात लावलं की तो जातो खरा, पण मग निवेदक पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डायनॅमिक जादूने खोली ‘ऐकायचं’ टाळतो, असं काही नाही. पकडण्याची दिशा आणि अंतर सारखं ठेवलं तर दोघांत खोलीच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो तोंडाजवळ नेण्यात. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डीबीने वाढतो, म्हणजे २४ सेंटिमीटरवरून ६ सेंटिमीटरवर आलं की १२ डीबी. तेवढं गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) कमी करता येतं आणि पंखा तेवढाच मागे पडतो. डायनॅमिक चार बोटांवर घेता येतो. कंडेन्सर इतका जवळ घेतला की ओठांची चटचट, श्वास, सगळंच नको इतकं येतं.

मांडणीही महत्त्वाची. माइक टेबलावरून वर, तोंडाकडे रोखला तर त्याचं तोंड थेट छताच्या पंख्याकडे होतं. आर्मवरून खाली उतरवा, म्हणजे पाठ पंख्याकडे जाते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माइक पाठीमागचं सगळ्यात कमी घेतो. समोर फरशी येते, तिच्यावर सतरंजी टाका. गोधडी माइकच्या मागे लावण्यापेक्षा स्वतःच्या पाठीमागे टांगा, कारण माइक बघतो तुमच्या मागच्या भिंतीकडे. एक इंची फोम फक्त वरचे स्वर शोषतो, त्यामुळे खोली उलट डबा वाटायला लागते.

इतक्या जवळून हवेचे फटके बसणारच. फोमची टोपी घाला, माइक तोंडाच्या रेषेपासून तीस-चाळीस अंश बाजूला वळवा आणि ‘भाऊ फणस फोडून भराभर पाहुण्यांना देतो’ असं काहीतरी म्हणून बघा. मोठ्यात मोठं शिखर −१२ ते −६ डीबीत राहू द्या. तरी बारीक गुणगुण ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पुष्कळदा दोष तिथेच असतो.

ऑडिओबुकचं काम घेणार असाल तर मात्र हात आखडता घ्यावा लागतो. ऑडिबलच्या एसीएक्स या ऑडिओबुक-मंचाला शांततेतला गोंगाट −६० डीबीच्या खाली लागतो, आरएमएस (सरासरी पातळी) −२३ ते −१८ आणि शिखर −३ च्या आत. पंखा एकवर ठेवून पॉडकास्ट निभावतं, पण हे गणित डायनॅमिकनेही सहसा जमत नाही. तिथे पंखा बंदच.

शुअर एसएम५८ हा डायनॅमिक आणि वेगळा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) हा तिसरा मार्ग दणकट आहे, पण त्या माइकला पन्नास-साठ डीबी गेन लागतं. स्वस्त इंटरफेसचं बटण शेवटच्या पाव फेऱ्यात गेलं की हिस, म्हणजे सततचा ‘स्स’ आवाज, सुरू होतो. सुरुवातीला तरी मला तो खर्च लांबणीवर टाकण्यासारखा वाटतो.

क्यू२यूसारख्या माइकचा फायदा पुढे कळतो, पाहुणा समोर बसला की. दोन यूएसबी माइक एकाच विंडोज लॅपटॉपला लावले तर ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणातून घेते. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दोन्ही जोडता येतात, विंडोजवर त्यासाठी वेगळी खटपट. एक्सएलआर असेल तर तेच माइक इंटरफेसला लागतात आणि प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा मिळतो. फक्त तेव्हा फोकसराइटचा स्कारलेट सोलो घेऊ नका, त्यात माइकसाठी एकच जागा आहे, टू-आय-टू घ्या.