४१ गुणांच्या पिछाडीवरून: रिचमंडचा हंगामातला पहिला सामना

ऑस्ट्रेलियन पद्धतीचे फुटबॉल खेळणाऱ्या मेलबर्नच्या रिचमंड फुटबॉल क्लबचा मी चौदा वर्षांपासून सभासद आहे आणि या चौदा वर्षांत हंगामाचा पहिला सामना मैदानावर जाऊन पाहण्याचा नेम मी शक्यतो मोडलेला नाही. गुरुवार, १३ मार्च २०२५ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे येथील सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एमसीजीवर, कार्लटनविरुद्ध झालेला सामना मी मुलीला आणि माझ्या सासऱ्यांना घेऊन पाहिला. रिचमंडने तो ८२ विरुद्ध ६९ असा, १३ गुणांनी जिंकला. हा विजय एका टप्प्यावर ४१ गुणांनी मागे पडल्यानंतर मिळालेला आहे, आणि एका संध्याकाळसाठी खर्च केलेल्या पैशांचे आणि वेळेचे याहून चांगले मोल मला या मैदानावर फार थोड्या वेळा मिळाले आहे.

तसे पाहिले तर हंगामाचा नारळ आदल्याच आठवड्यात फुटला होता. २०२४ आणि २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांत आधी एक छोटी फेरी ठेवली. त्यामागचा हेतू मला समजतो, तरीही मेलबर्नच्या माणसासाठी हंगाम सुरू होतो तो रिचमंड आणि कार्लटन गुरुवारी रात्री एमसीजीवर समोरासमोर उभे राहतात तेव्हाच. या दोन क्लबांचे वैर जुने आहे. १९७२ च्या अंतिम सामन्यात कार्लटनने १७७ गुण केले आणि रिचमंडला १५० गुण करूनही हार पत्करावी लागली. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, रिचमंडने त्याच प्रतिस्पर्ध्याला अंतिम सामन्यात हरवून हिशेब चुकता केला. अलीकडचे पहिले सामनेही चुरशीचे झाले आहेत. २०२३ मध्ये ५८-५८ अशी बरोबरी झाली आणि २०२४ मध्ये आम्ही अवघ्या पाच गुणांनी हरलो.

यंदा मात्र चुरशीची आशा बाळगण्यास फारसा आधार नव्हता. २०१७, २०१९ आणि २०२० अशी चार वर्षांत तीन विजेतेपदे मिळवणारा हा संघ २०२४ मध्ये संपूर्ण हंगामात केवळ दोन सामने जिंकून गुणतक्त्यात तळाला गेला. ज्याच्या खेळासाठी लोक कामावरून लवकर निघून मैदान गाठत, तो डस्टिन मार्टिन निवृत्त झाला. शाई बोल्टन फ्रीमँटलला, डॅनियल रिओली गोल्ड कोस्टला, लियाम बेकर आणि जॅक ग्रॅहम वेस्ट कोस्टला गेले. त्यांच्या बदल्यात क्लबने लीगच्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) इतरांच्या आधी खेळाडू निवडण्याचे क्रमांक जमवले आणि शाळा नुकतीच संपवलेली मुले संघात घेतली. समोर कार्लटनचा कर्णधार पॅट्रिक क्रिप्स होता, ज्याने २०२४ मध्ये लीगमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे ब्राउनलो पदक विक्रमी ४५ मतांनी जिंकले होते. कामाच्या ठिकाणी कोणी विचारले की आम्ही किती गुणांनी हरू, तर मी उत्तर देणे टाळत होतो.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडील टारनीट या उपनगरातून निघालो, सदर्न क्रॉस स्थानकावर गाडी बदलली आणि रिचमंड स्थानकावर उतरलो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवेन, कारण जॉलिमाँट स्थानकही मैदानाला तितकेच जवळ असले तरी रिचमंडहून चालत जाताना पंट रोडवरचे क्लबचे स्वतःचे मैदान जवळून दिसते आणि पिवळ्या-काळ्या मफलरांच्या ओघात माणूस आपोआप सामील होतो. मार्च महिन्यातली संध्याकाळ उबदार होती, लोकरी मफलर गळ्यात टोचत होता, तरी तो काढून ठेवण्याचा विचार कोणाच्याही मनात दिसला नाही. सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, मिरजेहून तीन महिन्यांसाठी आले आहेत. तरुणपणी ते कबड्डी खेळत असत. एमसीजी त्यांना ठाऊक होते ते क्रिकेटमुळे. आत शिरून जिना चढल्यावर समोर हिरवे मैदान उलगडले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रहाणेनं शतक ठोकलं ते इथंच ना?" ते इथेच. २०२० च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडला ३६ धावांत भारताचा डाव आटोपल्यानंतर, पुढच्याच कसोटीत अजिंक्य रहाणेने याच मैदानावर ११२ धावा केल्या आणि भारताने तो सामना आठ गडी राखून जिंकला. नानांनी हे आठवणीने काढले याचे मला त्या वेळी कौतुक वाटले. नंतर त्या रात्री ते वाक्य मला पुन्हा आठवले.

आमच्या जागा शेन वॉर्न स्टँडमध्ये दुसऱ्या मजल्यावर, पंट रोडच्या बाजूला होत्या. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांनी अगदी खालच्या रांगांचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. मैदान लंबवर्तुळाकार आणि प्रचंड मोठे आहे, प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू त्यावर पसरलेले असतात, आणि चेंडू कोणाकडे जाणार यापेक्षा ज्याच्याकडे चेंडू नाही तो कुठे धावतो आहे हे वरून पाहण्यातच खेळाची गोडी कळते. शाकाहारी मंडळींनी घरचा डबा न्यावा. आम्ही थालीपीठ आणि लोणचे नेले होते, शेजारच्या रांगेतील लोक गरम 'मीट पाय', म्हणजे मांस भरलेल्या पेस्ट्री, खात होते, आणि दोन्हीकडून वासांची देवाणघेवाण आनंदाने झाली.

नानांना नियम समजावून सांगायला पाच मिनिटे पुरली. मधल्या दोन उंच खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला की गोल, त्याचे सहा गुण. उंच खांब आणि त्याच्या बाजूचा आखूड खांब यांच्या मधून गेला की बिहाइंड, त्याचा एक गुण. लांबून मारलेला चेंडू हवेतच झेलला की तो मार्क, आणि मग झेलणाऱ्याला निवांतपणे पुढची किक मारता येते. चेंडू हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा. चेंडूवाल्याला खांद्यांच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर कुठेही पकडता येते, आणि पकडला गेल्यावर त्याने चेंडू योग्य रीतीने सोडला नाही तर फ्री किक विरोधी संघाला. हा शेवटचा नियम ऐकताच नाना खुर्चीत पुढे सरकले आणि संपूर्ण सामना त्यांनी त्या एकाच अंगाने पाहिला. खरे सांगायचे तर त्यांच्यामुळे मलाही तो तसा दिसला.

सुरुवात आमच्यासाठी अत्यंत निराशाजनक होती. मधल्या वर्तुळात पंचाने चेंडू आपटून खेळ सुरू केला की कार्लटनचे खेळाडू तो उचलून पुढे नेत, आणि आमची मुले त्यांच्या मागून धावत. पळण्यात कमतरता नव्हती, पण प्रत्येक वेळी एक पाऊल उशीर होत होता. बचावात कोण कोणाला धरणार याविषयी संभ्रम दिसत होता. मध्यंतराच्या आधीच फरक ४१ गुणांवर गेला. कार्लटनच्या पाठीराख्यांचा आवाज एवढा वाढला की शेजारी बसलेल्या मुलीशी बोलायला मला तिच्या कानाशी वाकावे लागत होते. नाना मात्र शांतपणे निरीक्षण करत होते. "ही पोरं हातानं धरतायत," ते म्हणाले, "पायावर भार नाही. धरायला जाणारा माणूस आधी थांबला पाहिजे, मग धरला पाहिजे." आमच्या पुढच्या रांगेतले एक कुटुंब आवराआवर करून उठले. मी मुलीला विचारले की निघायचे का, दुसऱ्या दिवशी शाळा आहे. ती अकरा वर्षांची आहे. तिने मफलर हाताभोवती गुंडाळला आणि "बाबा, मागच्या वर्षी आपण सगळे सामने शेवटपर्यंत बघितले ना?" एवढेच म्हणाली. आम्ही बसलो.

पुढे जे घडले त्याचे वर्णन आकड्यांत करता येणार नाही, कारण फलकावरचे आकडे बदलायला लागण्याच्या कितीतरी आधी खेळ बदलला होता. आमच्या बाजूच्या कडेला, सीमारेषेपासून साधारण दहा पावलांवर, कार्लटनचा एक खेळाडू चेंडू घेऊन वळला आणि रिचमंडचा खेळाडू त्याच्यावर झेपावला नाही. त्याने दोन छोटी पावले टाकली, कंबर खाली घेतली आणि दोन्ही हातांनी त्याला दंडांसकट आवळले. चेंडू निसटून गवतावर पडला आणि पंचाची शिट्टी वाजली. नानांनी माझ्या मांडीवर जोरात थाप मारली. "बघा, आता पकड आली!" एक पकड पाहून सामना फिरला असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर अशा पकडी एकामागून एक दिसू लागल्या. कार्लटनच्या खेळाडूंना चेंडू मिळाला की वर पाहून साथीदार शोधण्याएवढा अवधी मिळेना, किक घाईने होऊ लागल्या, आणि घाईच्या किका आमच्या बचावातले अनुभवी खेळाडू झेलू लागले. रिचमंडचे प्रशिक्षक ॲडम येझ यांचे हे दुसरे वर्ष होते, आणि पहिल्या वर्षी एवढे पराभव सोसूनही त्यांनी या मुलांना काय शिकवले याचे उत्तर मला त्या तासाभरात मिळाले.

सॅम लेलरविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. २०२४ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा बॅकस मार्श या गावचा, म्हणजे आमच्या पश्चिमेकडचाच, आणि त्याचा लीगमधला हा पहिला सामना होता. पहिल्या क्रमांकाचे ओझे अनेकांना वाकवते. लेलर चेंडूकडे जाताना बाजूने वळसा घालत नाही, सरळ जातो, आणि अंगावर माणूस आल्यावर चेंडू दोन हातांत घट्ट ठेवतो. या दोन सवयी शिकवून येत नाहीत. त्याचा गोल झाला आणि गोल पंचाने दोन झेंडे फडकावले, तेव्हा सगळे साथीदार चारी बाजूंनी धावत येऊन त्याला बिलगले. आमच्या मागे बसलेल्या एका वृद्ध बाई, ज्या सामनाभर शांतपणे पेन्सिलीने गुणांची नोंद करत होत्या, त्यांनी वही मिटली आणि चष्मा काढून डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले होते.

अंतिम गुणफलक रिचमंड १३.४ (८२), कार्लटन १०.९ (६९) असा होता. ज्यांना ही मांडणी नवी आहे त्यांच्यासाठी सांगतो, पहिला आकडा गोलांचा आणि दुसरा बिहाइंडचा. मिळालेल्या सतरा गुणसंधींपैकी तेरांचे गोल होणे ही नेमबाजी उच्च दर्जाची आहे, आणि त्याच वेळी ती सावधगिरीचा इशाराही आहे. कार्लटनला आमच्यापेक्षा दोन संधी अधिक मिळाल्या. दर आठवड्याला एवढा अचूक नेम लागणार नाही, आणि पूर्वार्धातील बचाव असाच राहिला तर हा हंगामही खडतर जाईल. मी हे विजयाच्या दुसऱ्याच दिवशी लिहीत असलो तरी ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही. तळाला गेलेला संघ एका रात्रीत शिखरावर जात नाही. मात्र मागे पडल्यावर हा संघ मान टाकत नाही एवढे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि मागील वर्षभर मी नेमके तेच शोधत होतो.

लीगकडे माझी एक विनंती आहे. गुरुवारी साडेसातच्या सुमारास सुरू होणारा सामना संपायला रात्रीचे दहा वाजून जातात, आणि उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबांना घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते. परंपरा गुरुवारची आहे हे मान्य, पण सुरुवात तासभर आधी झाली तर शाळकरी मुले क्लबचे गाणे संपेपर्यंत थांबू शकतील. त्या रात्री आम्ही पिछाडीवर असताना उठून गेलेल्या काही कुटुंबांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्या कडेवर झोपलेली मुले होती.

भारतातून आईवडील आले असतील तर त्यांना या सामन्याला अवश्य न्यावे. क्रिकेटच्या दिवसाएवढा वेळ लागत नाही, कबड्डी आणि कुस्ती पाहिलेल्या माणसाला यातली झटापट लगेच कळते, आणि जवळपास ऐंशी हजार लोक एकाच क्षणी उभे राहतात तेव्हा पायाखालचे सिमेंट थरथरते हे त्यांना एकदा तरी अनुभवायला मिळावे. दोन्ही क्लबांचे पाठीराखे एकाच रांगेत, मांडीला मांडी लावून बसतात. आमच्या डावीकडे कार्लटनच्या गडद निळ्या जर्सीतले पिता-पुत्र होते, आणि सामना संपल्यावर त्या वडिलांनी नानांशी हस्तांदोलन केले.

परतीच्या गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती. सदर्न क्रॉसला पुढची गाडी मिळाल्यावर मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. नाना बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते.

"तो नवीन पोरगा, लेलर. वय काय त्याचं?"

"अठरा, नाना."

"अठरा." त्यांनी मुलीच्या हातातून सुटू पाहणारा मफलर नीट केला. "मग हिला दहा-बारा वर्षं बघायला मिळेल."