मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस : पाच-सात जणांच्या ऑफिसात फॉर्म अडतो तेव्हा

एकाच लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या तारेच्या नेटवर्कवर, पाच-सात जण नोंदी भरत असतील, तर अ‍ॅक्सेस आजही मनापासून सुचवावं असं डेटाबेस सॉफ्टवेअर आहे. अट एकच, फाइल दोन भागांत हवी : नोंदींची टेबलं एकीत, फॉर्म दुसरीत. कागदोपत्री एका वेळी 255 जण चालतात, पण पंधरा-वीसच्या पुढे जाऊच नये. फाइलची मर्यादा 2 जीबी.

खरी डोकेदुखी म्हणजे उघडतो पण टाइप करू देत नाही असा फॉर्म. आधी खालच्या स्टेटस बारवर नजर टाका. रेकॉर्डसेट (फॉर्ममागचा नोंदींचा संच) 'नॉट अपडेटेबल' असल्याचं दिसलं, तर दोष फॉर्ममागच्या क्वेरीत, म्हणजे टेबलातून नोंदी निवडून आणणाऱ्या आज्ञेत आहे. ग्रुप बाय (नोंदींचे गट करणं), युनियन (अनेक याद्या एकत्र जोडणं) किंवा 'युनिक व्हॅल्यूज : येस' (सारख्या ओळी गाळणं) असलेली क्वेरी फक्त वाचता येते. फॉर्म थेट टेबलावर बांधा आणि बिलातल्या ओळींसारख्या तपशिलाला सबफॉर्म (फॉर्मच्या आतला फॉर्म) द्या. 'जुन्या नोंदी उडाल्या' अशी ओरड झाली, तर बहुतेक वेळा प्रॉपर्टी शीटच्या डेटा टॅबवर 'डेटा एंट्री' येस झालेलं असतं. ते नो करा, नोंदी परत दिसतात.

नोंदीच्या डाव्या पट्टीत पेन्सिल दिसली की तुमचा बदल अजून सेव्ह व्हायचाय. तिरकी रेघ मारलेलं वर्तुळ दिसलं, तर ती नोंद दुसऱ्याच्या हातात आहे. पेन्सिल ठेवून चहाला जाऊ नये ते यासाठीच. 'राइट कॉन्फ्लिक्ट'ची खिडकी आली, तर 'सेव्ह रेकॉर्ड' दाबू नका, सहकाऱ्याचा बदल पुसला जातो. 'कॉपी टू क्लिपबोर्ड' घ्या, मग ताडून पाहा. फॉर्मचं 'रेकॉर्ड लॉक्स' 'एडिटेड रेकॉर्ड'वर ठेवलं की हा प्रसंग टळतो.

सगळी फाइलच रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) उघडत असेल, तर फॉर्मला हात लावू नका. अ‍ॅक्सेस शेजारी .laccdb ही लॉक फाइल बनवतं. त्यामुळे प्रत्येकाला त्या फोल्डरमध्ये फाइल बनवायची, बदलायची आणि पुसायची परवानगी लागते.

आता विभागणी. बॅकअप घ्या, 'डेटाबेस टूल्स'मधलं 'अ‍ॅक्सेस डेटाबेस' बटण दाबा. टेबलं सर्व्हरवर जातील. फॉर्मची फाइल मात्र प्रत्येकाच्या पीसीवर वेगळी कॉपी करा. सगळ्यांनी एकाच फाइलचा शॉर्टकट वापरणं, हेच फाइल करप्ट होण्याचं मोठं कारण. फक्त नोंदी भरणाऱ्यांना रनटाइम (तयार फाइल चालवण्यापुरतं अ‍ॅक्सेस) पुरतं आणि ते फुकट आहे.

वाय-फाय किंवा वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरवर हे चालवायचं असेल, तर टेबलं अ‍ॅक्सेसच्या फाइलमध्ये ठेवू नका. ती एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या डेटाबेसवर न्या, अ‍ॅक्सेसच्या फॉर्मला जोडा आणि तिथे प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) द्या. नाहीतर जोडलेलं टेबल पुन्हा रीड-ओन्लीच दिसेल.