उसाच्या मुळात पाणी शिरतं ते वेगळं, नायट्रेट शिरतं ते वेगळं

पाणी परासरणाने पेशीपटल ओलांडतं. मातीतलं द्रावण पातळ, पेशीरस दाट, म्हणून ओढ आत. ऊर्जा लागत नाही, पण दिशाही मुळाच्या हातात नाही. वाळवा-मिरजेकडच्या क्षारपड रानात मातीची विद्युतवाहकता (क्षार किती ते सांगणारं माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली, की ही ओढ मंदावते. रान ओलं दिसतं आणि पीक मात्र कोमेजतं. तिथे पाणी वाढवून भागत नाही. आधी निचरा, मग क्षार धुणं.

नायट्रेटचं, म्हणजे मुळं घेतात त्या नत्राच्या एका रूपाचं, सक्रिय वहन होतं, ऊर्जा खर्चून. पटलातला पंप एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलतो आणि परतणारे प्रोटॉन वाहक प्रथिनातून नायट्रेटला सोबत आत आणतात. त्यामुळे मातीत कमी असलं, तरी पेशीत साठतं. एटीपी श्वसनातून येतं, श्वसनाला प्राणवायू हवा. कृष्णाकाठी महापुरानंतर रान चिबडलं, म्हणजे पाणी साचून राहिलं, की पंप थंडावतो, पानं पिवळी पडतात. अशा वेळी घाईने युरिया फेकणं म्हणजे खत वाया. चर काढून वाफसा येऊ द्यावा. तोवर पानांवर लिटरला २० ग्रॅम युरियाची फवारणी बरी. (भर उन्हात नको, पानं करपतात.)

क्षारपड आणि चिबड एकाच रानात असेल, तर दोन्ही वाटा अडतात.