९ तारखेची तपासणी: रक्तदाबाला वेळ, बाळाच्या हालचालीला घाई

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. भावजयीला सातव्या आणि आठव्या महिन्यात मी आमच्या तालुक्यातील एका केंद्रात घेऊन गेले, त्या दोन फेऱ्यांचा हा अनुभव.

तपासणीला नावे ठेवायला जागा नाही. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी हे सारे झाले आणि एरवी तालुक्याला न मिळणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्वतः पोट तपासले. आमच्या पुढच्या मुलीचे हिमोग्लोबिन फारच कमी निघाले, तेव्हा तिच्या कार्डावर लगेच जास्त जोखमीच्या गरोदरपणाचा लाल स्टिकर चिकटला. उपजत मृत्यूमागे, म्हणजे बाळ जन्माआधीच दगावण्यामागे, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, बाळाची खुंटलेली वाढ अशी कारणे असतात आणि त्यांचा सुगावा वेळेवर लागावा, यासाठी ही तपासणी मोलाची आहे.

तक्रार आहे ती बाळाच्या हालचालीविषयी. "बाळ फिरतंय ना?" असे विचारले गेले, भावजयीने मान हलवली आणि पुढच्या बाईचे नाव पुकारले गेले. कमी फिरणे म्हणजे किती आणि रात्री तसे वाटले तर कोणत्या दवाखान्यात जायचे, हे दोन्ही वेळा आत कुणीच सांगितले नाही. पहिल्याचे उत्तर बाहेरच्या बाकावर आशाताईंनी दिले: जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर निजून हालचाली मोजाव्यात, दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि दिवस भरत आले की बाळ कमीच फिरते, हे सासूबाईंचे म्हणणे मुळीच मनावर घेऊ नये. (तीन सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.) नुसते मोजणे पुरते असे मात्र नाही, ब्रिटन व आयर्लंडमधील ३३ रुग्णालयांत हालचालींविषयी जागृती आणि त्यापुढील उपचारांची ठरलेली पद्धत राबवूनही उपजत मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तरीही बाळ मंदावल्याचे आधी कळते ते आईलाच, म्हणून तिला पाच मिनिटे देणे वाया जात नाही.

दुसऱ्या फेरीला ९ तारीख रविवारी आल्याने तपासणी सोमवारी झाली. रांगेतली एक बाई सहज म्हणाली की शुक्रवार संध्याकाळपासून बाळ गप्पच आहे, पण तारीख आलीच होती म्हणून थांबले. आशाताईंनी तिला दंडाला धरून थेट आत नेले. ठोके लागल्याचे कळेपर्यंत बाकावर कुणी बोलले नाही.

केंद्राच्या दारावर "दर महिन्याच्या ९ तारखेला" असा मोठा फलक आहे. बाळ कमी फिरल्यास तारखेची वाट न पाहता यावे, एवढी एक ओळ त्याच्याखाली रंगवायला फारसा खर्च येणार नाही.