सतरा लाल ठिपके, पेशंट तीन: सेल थेरपीचं सॉफ्टवेअर दहा महिने वापरल्यावर

पहिल्या दिवशी लॉगिन केलं तेव्हा डॅशबोर्डवर सतरा लाल ठिपके होते आणि पेशंट होते तीन. शेजारी बसलेला ट्रेनर म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला असंच दिसतं." त्याला आता दहा महिने झाले. एवढ्या दिवसांनंतर मत द्यायला हरकत नसावी.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात सेल थेरपी कोऑर्डिनेटर आहे. त्याआधी बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमध्ये बरीच वर्षं सिस्टर होते. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही. ते आम्ही निवडलेलं नाही, थेरपीसोबत आलं, जसं मुलीसोबत रुखवत येतं. हे लिहिते आहे ते ज्यांच्या गळ्यात असंच काहीतरी पडणार आहे त्यांच्यासाठी.

काम काय ते थोडक्यात. कार-टी या कॅन्सरवरच्या उपचारात पेशंटच्या रक्तातून अफेरेसिस मशीनवर (रक्तातला हवा तो भाग वेगळा करून बाकीचं परत देणारं मशीन) पांढऱ्या पेशी काढतात आणि उत्पादन केंद्रात पाठवतात. तिथे त्यातल्या टी-पेशींमध्ये कॅन्सरची पेशी ओळखणारं जनुक घालून त्या वाढवतात, गोठवतात आणि त्याच पेशंटला परत देतात. एक पेशंट म्हणजे एक बॅच. फुटली तर गोदामातून दुसरी बाटली आणता येत नाही. भारतातली अशी पहिली थेरपी म्हणजे नेक्सकार१९. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत लोकार्पण झालं. पेपरात फोटो आले आणि आमच्या ओपीडीत "ते कार-टी का काय ते" विचारणारे वाढले. तोवर आमचा सगळा कारभार एक एक्सेल, एक रजिस्टर आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांवर चालायचा. कुरिअरवाला निघाला का, हे विचारायला मी रात्री अकरा वाजता फोन करायचे आणि त्याची बायको उचलायची.

या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पायरी म्हणजे एक टास्क. तो कोणी करायचा आणि कधीपर्यंत, हे ठरलेलं. ठरल्याप्रमाणे झालं नाही की उघडतं एक्सेप्शन. बाकी रिपोर्ट, आलेख वगैरे पुष्कळ आहे, ते मी उघडतही नाही. टास्क आणि एक्सेप्शन एवढ्यापुरतंच बोलते.

टास्कचा भाग चांगला आहे, आणि हे मी पहिल्या महिन्यात म्हटलं नसतं. पेशंटची नोंद केली की त्याला एक ओळख क्रमांक मिळतो आणि शेवटच्या थेंबापर्यंत तोच चालतो. मग स्लॉट, व्हायरल मार्कर (विषाणूंच्या तपासण्या), अफेरेसिसच्या आधीचे रक्तपेशींचे काउंट, लेबल प्रिंट, बॅग स्कॅन, कुरिअरला हस्तांतर. एक झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. याचा फायदा कुठे होतो ते सांगते. पेशी परत द्यायच्या आधी पेशंटला काही दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधं देतात, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. ते एकदा सुरू केलं की पेशंटचे काउंट खाली जातात, मागे फिरता येत नाही. म्हणून उत्पादन केंद्राच्या क्यूएने, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांनी, बॅच रिलीज केल्याशिवाय आणि ड्राय शिपर (गोठवलेल्या पेशींचा डबा) आमच्या दारात उतरून त्याचा तापमान नोंदवणारा लॉगर वाचल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, असा आमचा नियम. पावसाळ्यात एकदा खोली आयत्या वेळी रिकामी झाली आणि आमचा तरुण रेसिडेंट म्हणाला, "सिस्टर, रिलीज उद्या येतंयच, आज सुरू करू, एक दिवस वाचेल." एक्सेलच्या काळात मला त्याच्याशी वाद घालावा लागला असता. या वेळी मी फक्त स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. टास्कला कुलूप होतं. रिलीज प्रत्यक्षात तीन दिवसांनी आलं.

टोसिलिझुमॅबचे डोस हाताशी आहेत का, ही तपासणी मात्र आम्ही आमच्याकडून टास्क म्हणून घातली. पेशी शरीरात गेल्यावर जो तापाचा भडका उडू शकतो त्यावर हेच औषध लागतं, आणि रात्री दोन वाजता ते फार्मसीत शोधत बसायची वेळ यायला नको. असे आपले टास्क घालता येतात, हे ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

टास्क माणसाच्या नावावर लावू नका, भूमिकेच्या नावावर लावा. चुलत बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते, तेव्हा स्लॉट कन्फर्म करायचा टास्क माझ्या नावावर होता आणि माझ्याशिवाय तो कोणाला दिसतच नव्हता. हळदीच्या मांडवात मोबाइलवर पासवर्ड टाकत बसले. पासवर्डचंही एक वेगळंच दुखणं आहे. प्रत्येक सहीला तो पुन्हा टाकायचा, आणि बॅग स्कॅन करताना हातात ग्लोव्ह्ज असतात. आम्ही आता दोघी उभ्या राहतो. एकीचे हात बॅगेला, दुसरीचे टॅबलेटला. तसंही दोघींनी तपासायचंच असतं, त्यामुळे तक्रार नाही, पण हे टेबलाशी बसून काम करणाऱ्यांनी बनवलंय हे कळतं.

तसंच ते बनवलंय अशा देशासाठी जिथे पेशी विमानाने जातात. अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्या कार-टीला परवानगी मिळाली, तिथे पेशी गोठवून न्यू जर्सीतल्या कारखान्यात जायच्या आणि तशाच गोठवलेल्या परत यायच्या. आमची बॅग ताजी असते. २ ते ८ अंशांच्या डब्यात घालून ती व्हॅनने एक्स्प्रेसवेवरून घाट उतरते. पण हस्तांतराच्या फॉर्ममध्ये एअरवे बिलचा, म्हणजे विमानाच्या मालपावतीचा, अकरा आकडी नंबर सक्तीचा. व्हॅनला कुठलं एअरवे बिल? पाच महिने आम्ही तिथे अकरा शून्यं टाकत होतो आणि गाडीचा नंबर शेऱ्यात लिहीत होतो. नंतर ती चौकट ऐच्छिक झाली.

वेळेचंही तेच. सगळ्या मुदती ग्रीनिचच्या वेळेने. म्हणजे "आज" संपायचा तो पहाटे साडेपाचला. सकाळी सातच्या पाळीची मुलगी आली की कालचे टास्क लाल आणि तिच्या कपाळाला आठ्या. तिसऱ्या महिन्यात स्क्रीनवर आपली वेळ आली. मेलमध्ये अजून साडेपाच तास वजाच येते, आता ती बेरीज मी झोपेतही करते.

आता एक्सेप्शन. माझं खरं भांडण इथे आहे.

दुसऱ्या महिन्यात एका काकांना अफेरेसिसच्या दिवशी सकाळी ताप आला. लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) पेशंटला ताप येणं ही काही बातमी नव्हे. डॉक्टरांनी अफेरेसिस पाच दिवस पुढे ढकललं. सॉफ्टवेअरने चार एक्सेप्शन उघडली: स्लॉट चुकला, कुरिअर रद्द, छापलेलं लेबल बाद, मुदत ओलांडली. चारही लाल, चारही तातडीची, आणि प्रत्येकाला कारण विचारलेलं. कारणांच्या यादीत होतं: मनुष्याची चूक, उपकरण बिघाड, कार्यपद्धतीचं उल्लंघन, वाहतूक, इतर. ताप नव्हता. पेशंट आजारी पडू शकतो ही शक्यता यादी करणाऱ्याला सुचलीच नव्हती. पेशंट त्याच्या लेखी कुरिअरचा पिकअप पॉइंट होता.

मी "इतर" निवडलं. पुढच्या काकूंचे प्लेटलेट्स उतरले, "इतर". एकांचा विम्याचा होकार अडकला, "इतर". गणपती विसर्जनाच्या दिवशी आम्ही स्लॉट घेतच नाही, रस्ते बंद असतात. तरी सॉफ्टवेअरने आपण होऊन तो दिवस सुचवला आणि आम्ही नाकारला म्हणून एक्सेप्शन उघडलं. तेही "इतर". पाच महिन्यांनी क्यूएकडून मेल आली, आमच्या केंद्राची बहुतेक एक्सेप्शन "इतर" का आहेत याचा खुलासा करा. त्या खुलाशाचाही टास्क माझ्याच नावावर लागला.

हसण्यावारी न्यावं असं हे नाही, कारण दरम्यान काय झालं तर आम्हाला लाल रंग दिसेनासा झाला. रोज दूधवाल्याची घंटा वाजते तसं. आणि मग एक दिवस खरं लाल आलं.

अफेरेसिसला साडेतीन तास झाले होते, बॅग भरत आली होती, खाली व्हॅन उभी. पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन केला, लेबल स्कॅन केलं आणि स्क्रीन थांबली: ओळख जुळत नाही. झालं असं होतं की बाईंच्या फाइलमध्ये मधलं नाव नवऱ्याचं होतं. विम्यासाठी त्यांच्या मुलाने आधार कार्डाची प्रत दिली, त्यावर नाव माहेरचं. रिसेप्शनवर कोणीतरी सकाळी फाइल "दुरुस्त" केली आणि पट्टा नव्या नावाने छापला गेला. लेबल जुन्या नावाचं. बाई त्याच, पेशी त्यांच्याच, मी समोर उभी. पण पुढे जायचं बटण नव्हतं. ते एक्सेप्शन बंद करायचा अधिकार फक्त उत्पादन केंद्राच्या क्यूएला, आणि संध्याकाळी सातनंतर तिथे एकच माणूस. बॅग आम्ही बाईंच्या पलंगापासून हलवली नाही. ओळख क्रमांक, हॉस्पिटलचा क्रमांक, रक्तगट, जुनी फाइल, सगळं फोनवर वाचून दाखवलं, फोटो अपलोड केले, नवा पट्टा छापला, पुन्हा स्कॅन. चाळीस मिनिटं गेली. बाई विचारत होत्या, "सिस्टर, माझ्या नावात काय चुकलं?"

त्या संध्याकाळी मी या सॉफ्टवेअरला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज मी त्याला सगळ्यात जास्त गुण देते ते ते बटण नव्हतं म्हणून. कारण आपल्याकडे नाव आणि जन्मतारीख ही ओळख म्हणून किती कच्ची आहे ते बघा. साठीच्या पुढच्या पेशंटपैकी किती जणांची जन्मतारीख एक जून असते! मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. आमच्याकडे एकाच महिन्यात एकच आडनाव, एकच पहिलं नाव आणि एक जून असे दोघे होते, फक्त वर्ष वेगळं. सॉफ्टवेअरने "संभाव्य दुहेरी नोंद" म्हणून थांबवलं. थांबवायलाच हवं होतं.

माझं म्हणणं एवढंच की तो ताप आणि ही ओळख एकाच लाल रंगात येऊ नये. सहाव्या महिन्यात आम्ही, क्यूए आणि सॉफ्टवेअरवाले असे बसलो आणि तीन थर केले: थांबा, लक्ष ठेवा, फक्त नोंद. ओळख, तुटलेलं सील, तापमान हे पहिल्यात. उशीर दुसऱ्यात. तब्येतीमुळे तारीख बदलणं तिसऱ्यात, आणि त्यासाठी यादीत "पेशंटची प्रकृती" असं वेगळं कारण. एका तापाला आता चार नव्हे, एकच नोंद होते. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, हे पहिल्या दिवसापासून बदलता येत होतं. मग पहिल्या दिवशी वॉर्डातलं कोणी बैठकीला का नव्हतं, हे त्याला विचारून उपयोग नव्हता.

"लक्ष ठेवा" या थराचा उपयोग पुढे एकदा दिसला. बोरघाटात ट्रक उलटला, व्हॅन दोन तास जागच्या जागी. डब्यातला लॉगर पाच अंशांवर स्थिर होता, पण पोहोचायची वेळ सरकताना पाहून एक्सेप्शन आधीच उघडलं आणि घाटाखालच्या उत्पादन केंद्रातल्या लोकांनी रात्रीच्या पाळीला थांबवून घेतलं. ड्रायव्हरने फोन करण्याआधी त्यांना कळलं होतं. एक्सेलने हे केलं नसतं.

एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही. एका पेशंटच्या पेशी वाढल्याच नाहीत. आधीच्या केमोने थकलेल्या पेशींचं असं होतं, कोणाचा दोष नसतो. केंद्राने बॅच बंद केली आणि सॉफ्टवेअरने नेमून दिल्याप्रमाणे पुढचे सगळे टास्क रद्द केले. त्यातला एक अ‍ॅडमिशनचा होता आणि त्याला एसएमएस जोडलेला. डॉक्टर तेव्हा दुसऱ्या वॉर्डात राउंडवर होते. पेशंटच्या मुलाचा मला फोन आला, "मॅडम, अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा मेसेज आलाय, नवी तारीख कधीची?" त्याला काय सांगायचं हे कुठल्याच टास्कमध्ये लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टर अर्ध्या तासात फोन करतील, आणि जिने उतरून डॉक्टरांना शोधत गेले. दुसऱ्या दिवशी पेशंटला जाणारे सगळे आपोआप मेसेज आम्ही बंद करून घेतले. आता रद्दचा निरोप मी किंवा डॉक्टर फोनवरच देतो, आणि "पेशंटशी बोलणं झालं" अशी खूण केल्याशिवाय पुढचा टास्क उघडत नाही.

गुण द्यायचेच तर टास्कला पाचपैकी चार, एक्सेप्शनला आल्या दिवशी दोन आणि आज साडेतीन. रात्रीच्या सपोर्टला एक, कारण तिकडून उत्तर येतं ते "तुमची विनंती नोंदवली आहे".

तुमच्याकडे डेमोला आले तर त्यांना स्लाइड्स बंद करायला सांगा. एक खोटा पेशंट बनवा, उद्याचा स्लॉट घ्या, लेबल छापा, कुरिअर बुक करा. मग म्हणा, पेशंटला सकाळी ताप आला. किती ठिपके लाल होतात, कोणाकोणाला मेसेज जातात आणि कारणांच्या यादीत ताप आहे का, ते मोजा. आमच्या डेमोला मी नव्हते. त्या दिवशी माझी नाइट होती.