डोंगरात डाकोटा : सिम्युलेटरवर काही महिने उडवल्यानंतर

फ्लाइट सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळात, श्रीनगरहून लेहला झटपट पोचून स्क्रीनशॉट टाकायचे असतील, तर डीसी-३ च्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी एअरबस आहे, ऑटोपायलट लावा आणि खुशाल चहा टाकायला उठा. डीसी-३, म्हणजे आपल्या हवाई दलाचा जुना दोन पंख्यांचा डाकोटा, उठू देत नाही. त्याच्याकडे ताकद मोजकीच असते, त्यामुळे खिंड किती उंच आहे, वारा कुठून येतोय, मागे वळायला जागा आहे का, हे सगळं आपल्यालाच बघावं लागतं. मला तो आवडला तो त्यासाठीच. गणपतीत सुरुवात केली, आता उन्हाळा लागलाय, आणि बाकीची विमानं हँगरमध्ये धूळ खात पडली आहेत.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ ची. चाळीस वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये जी खास आवृत्ती आली, तिच्यात जुन्या विमानांबरोबर डीसी-३ आलं, आणि ज्यांच्याकडे सिम्युलेटर होता त्यांना ते फुकट मिळालं. खरं विमान पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ ला. दोन बाजूंना प्रत्येकी चौदा सिलिंडरची रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेली) इंजिनं, एकेक साधारण १२०० अश्वशक्तीचं. युद्धात याच्या लष्करी भावंडांची संख्या दहा हजारांच्या वर गेली.

माझ्याकडे कॉम्प्युटर मध्यम आहे, ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड. जॉयस्टिक होती. पण डाकोटाला दोन थ्रॉटल (ताकदीचे), दोन प्रॉपेलर (पंख्याच्या वेगाचे) आणि दोन मिक्स्चर (इंधन-हवेच्या प्रमाणाचे) असे सहा दांडे लागतात, आणि तयार सहा दांड्यांचा संच बघितला तर किंमत ऐकूनच पाय मागे येतो. शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीतून स्लायडर पोटेन्शिओमीटर (सरकवून कमी-जास्त करायची बटणं) आणले, आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा सर्किट बोर्ड घेतला, प्लायवूडच्या खोक्यात बसवलं. बोर्ड यूएसबीला लावला की कॉम्प्युटर त्याला जॉयस्टिक समजतो. दिसायला खोका हार्मोनियमच्या वाटेवर सोडून दिलेल्या प्रयोगासारखा आहे. चालतो मात्र झकास.

इंजिन सुरू करणं हाच एक कार्यक्रम आहे. पेट्रोलची टाकी निवडायची, हातपंपाने इंधनाचा दाब आणायचा, स्टार्टरचं चाक आधी फिरवून त्याला वेग येऊ द्यायचा, मग ते इंजिनाला जोडायचं. पंखा फिरायला लागतो. लगेच मॅग्नेटो (सिलिंडरला ठिणगी देणारे) लावायचे नाहीत, काही पाती समोरून जाऊ द्यायची. रेडियल इंजिनात खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरून साचतं; ते तसंच असताना स्फोट झाला तर पिस्टनचा दांडा वाकू शकतो, म्हणून खरे वैमानिक पाती मोजतात. सिम्युलेटरमध्ये न मोजून काही बिघडत नाही, पण मी मोजतो. मग मॅग्नेटो. एक सिलिंडर पेटतो, मग दुसरा, निळसर धूर मागे जातो, आणि काही क्षण चौदाही जण आपापल्या मनाने बोलत असतात. हळूहळू एक सूर लागतो. सकाळी सहाला हे चालू असलं की आतल्या खोलीतून आवाज येतो, "अहो, मिक्सर लावलाय का?" तेव्हापासून हेडफोन.

जमिनीवर हे विमान वैताग आहे. शेपटीला चाक, नाक आभाळात, समोरचं काही दिसत नाही. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, डावी-उजवीकडे नागमोडी जात बाजूच्या खिडकीतून रस्ता बघायचा. उड्डाणाआधी शेपटीचं चाक लॉक करायला विसरलं की गाडी धावपट्टी सोडून गवतात.

आता सह्याद्री. लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर, आणि कळसूबाई, म्हणजे राज्यातलं सर्वांत उंच टोक, १६४६ मीटर, ५४०० फूट. म्हणजे उंचीचा प्रश्न डाकोटाला इथे पडतच नाही. २८ क्रमांकाच्या धावपट्टीवरून उडालं की तोंड पश्चिमेलाच असतं. डावीकडे खडकवासला, मग सिंहगड, पुढे राजगड आणि तोरणा जोडीने. पाच हजार फुटांवरून, संथ वेगात, राजगडाच्या तिन्ही माच्या वेगवेगळ्या दिसतात. एवढ्यासाठीसुद्धा हे विमान घ्यावं.

पण पावसाळी हवा लावून बघा, गंमत वेगळीच. पश्चिमेचा वारा कोकणातून चढून घाटमाथ्यावर येतो आणि आपल्या बाजूला खाली कोसळतो. पुण्याहून निघालेलं विमान घाटाकडे नेमकं या उतरत्या हवेतून जातं. डोंगर जवळ यायला लागतो आणि नेमकी तेव्हाच उंची मोजणाऱ्या घड्याळाची सुई उलटी फिरायला लागते. दांडे पुढे ढकलूनही फारसा उपयोग नाही. वळसा घालून कोकणाच्या बाजूने आलात तर तीच हवा विमान उचलून वर ठेवते. घाटातली हवा इतकी वर्षं फक्त भिजण्यापुरती माहीत होती.

एकदा आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधला मित्र घरी आला होता. त्याला कौतुकाने हरिश्चंद्रगड दाखवला. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अरे, हा कोकणकडा? याच्यावरून म्हशी पण उतरतील की!"

त्याचं चूक नाही. अशा सिम्युलेटरमध्ये बहुतेक जमीन म्हणजे उंचीच्या आकड्यांचं जाळं असतं; एका जागेला एकच उंची. दोन आकड्यांच्या मधलं अंतर सरळ उताराने भरलं जातं, त्यामुळे ताशीव कडा कललेला दिसतो. आणि कोकणकडा तर आत वळलेला, नागफणीसारखा पुढे झुकलेला. माथ्याच्या खाली पोकळी आहे हे त्या जाळ्याला सांगताच येत नाही. त्याच कारणाने राजगडच्या सुवेळा माचीचं नेढं गायब आहे. दगडाला आरपार भोक, तेही आकड्यात बसत नाही. ज्यांनी हे डोंगर पायाने पाहिलेत त्यांना हे खटकणारच. हिमालयात मी पायी हिंडलेलो नाही, म्हणून तिथे मला सगळं खरं वाटतं!

खरी परीक्षा श्रीनगर ते लेह. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना शेजारी बसवून लेहला डाकोटा उतरवला. खाली सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने तयार करून घेतलेली कच्ची धावपट्टी होती. मला तेच विमान, तोच रस्ता करायचा होता, जीपीएस बंद ठेवून.

श्रीनगरचा विमानतळ साधारण ५४०० फुटांवर. झोजी ला ही खिंड ११,५७५ फुटांवर, पण आजूबाजूची शिखरं त्याच्या बरीच वर, म्हणून खिंडीतून जायलाही पंधरा हजारांच्या आसपास असलेलं बरं. दोघांमधलं सरळ अंतर जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. भरलेला डाकोटा एवढ्या अंतरात तेवढं चढायला कुरकुरतो. उपाय सोपा आहे: वुलर सरोवराच्या बाजूला आधी चकरा मारून उंची कमवायची आणि मगच सिंध नदीच्या (ही काश्मीरमधली, सिंधू नव्हे) खोऱ्यात शिरायचं. चढताना इंजिनाचं मॅनिफोल्ड प्रेशर (आत जाणाऱ्या हवेचा दाब, पाऱ्याच्या इंचांत) बघत राहा. थ्रॉटल पूर्ण पुढे असूनही सुई एकेक इंच खाली येते, कारण बाहेर हवाच उरत नाही. कौल फ्लॅप (इंजिनाभोवतीच्या झडपा) उघडे ठेवले तर इंजिन थंड राहतं पण हवेचा अडथळा वाढतो आणि चढणं मंदावतं. बंद केले तर तापमान चढतं. या दोघांच्या मध्ये मी सोनमर्ग येईपर्यंत झुलत असतो.

खोऱ्यात उडायचे दोन नियम आहेत, आणि ते इथे खरोखर लागतात. एक, खोऱ्याच्या मधोमध जायचं नाही, एका बाजूला चिकटून जायचं, म्हणजे वळायला उरलेली सगळी रुंदी मिळते. दोन, धारेवर सरळ काटकोनात चालून जायचं नाही, तिरकं जायचं, म्हणजे बेत फसला तर थोड्याच वळणात बाहेर पडता येतं. रुंदीचं गणित मी वहीत करून ठेवलंय. वेगाच्या घड्याळात १२० नॉट (ताशी सागरी मैल) दिसत असताना ३० अंश कलून पूर्ण उलटं वळायला समुद्रसपाटीला साधारण १.३५ किलोमीटर रुंदी लागते. पंधरा हजार फुटांवर घड्याळ तेच १२० दाखवतं, पण हवा विरळ असल्याने खरा वेग दीडशेच्या आसपास असतो, आणि तेच वळण दोन किलोमीटरच्या वर जातं. झोजीच्या तोंडाशी एवढी जागा सापडते का ते नकाशावर आधी बघून ठेवा. इंजिन एक गेलं तर त्या उंचीवर भरलेला डाकोटा टिकत नाही, खाली येतोच. तेव्हा कुठल्या बाजूला वळायचं हेही आधीच ठरलेलं असलेलं बरं.

झोजी ओलांडली की हिरवं संपतं. द्रास, कारगिल, मग १३,४७९ फुटांचा फोटू ला, आणि पुढे सिंधू नदी धरून लेह. हा भाग तुलनेने सोपा. नदी चुकणं अवघड. लेहचा विमानतळ १०,६८२ फुटांवर, आणि तिथे पुन्हा तोच फसवा वेग. घड्याळात ८० नॉट बघून शांतपणे येता, पण जमीन शंभराच्या जवळपास वेगाने खालून सरकत असते. खाली येताना थ्रॉटल एकदम मागे ओढू नका, तापलेली इंजिनं गार वाऱ्यात झटकन थंड होतात. थोडी ताकद ठेवून, लांबून, सावकाश उतरायचं.

जे मिळत नाही तेही सांगतो. डाकोटात केबिनमधला हवेचा दाब राखायची सोय नव्हती. पंधरा हजारांवर माणसाचं डोकं जड होतं, बोटं गारठतात, साधी बेरीज चुकते. मी मात्र पंखा तीनवर ठेवून, बनियनवर बसून झोजी ओलांडतो. मेहर सिंगांच्या उड्डाणातला खरा कठीण भाग बहुतेक हाच होता, आणि तो पडद्यावर येऊ शकत नाही. वाऱ्याचे झटके दिसतात, बसत नाहीत.

इंटरनेट हा दुसरा मुद्दा. जमिनीची चित्रं उडता उडता नेटवरून येतात. आमच्या भागात पाऊस आला की नेटवाल्याची केबल पहिली झोपते, आणि डोंगरांवरचे कातळ, वाड्या, रस्ते सगळं धुरकट होतं. ज्या मार्गावर उडायचं आहे तेवढा भाग आधी उतरवून ठेवला तर बचाव होतो. वीज जाते त्यासाठी यूपीएस.

आसाममधून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमधल्या कुनमिंगकडे जाणारी, दुसऱ्या महायुद्धातली 'हंप'ची वाटही करून पाहिली. १९४२ ते ४५ मध्ये त्या वाटेने साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला आणि सहाशेच्या घरात विमानं पडली. हवा स्वच्छ ठेवून उडालात तर ती रटाळ वाटते, एकामागून एक धारा आणि नद्या. बर्फ धरणारी ढगाळ हवा लावली की मग ती विमानं का पडली ते कळतं. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

खर्च करायचा असेल तर आधी रडर (शेपटीचं सुकाणू) पायाने फिरवायची पेडल घ्या. जॉयस्टिकची मूठ पिळून रडर देता येतो, पण शेपटीच्या चाकाचं विमान आडव्या वाऱ्यात उतरवताना मनगट आणि डोकं दोन्ही कमी पडतात. आणि लेहला पहिल्यांदा जाणार असाल तर वेळ सकाळची ठेवा, दुपारी तिथे वारा सुटतो. उतरायला धावपट्टी ०७, परत उडायला २५.